नोकरी सोडलेले मास्तर : लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगावहून रेल्वेने पुण्याला जाताना सांगली मागे पडली की कराडच्या अलीकडे किर्लोस्करवाडी नावाचे स्टेशन लागते. रात्रीची गाडी असली तर तेव्हा सगळा डबा झोपेत असतो आणि स्टेशन केव्हा आले, केव्हा गेले हे कळतही नाही. एकेकाळी या स्टेशनाचे नाव कुंडल रोड होते. भोवती ओसाड माळ होता. आपल्या बेळगावातून उठून गेलेल्या एका माणसाने तिथे कारखाना काढला, गाव वसवले आणि पुढे स्टेशनालाही त्याच्याच घराण्याचे नाव पडले.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर हे नाव आपल्यापैकी कुणाला नवे नाही. बेळगावच्या बाजारपेठेत किर्लोस्कर रोडवरून आपण रोज जातो-येतो. पण मोठा उद्योगपती म्हटले की डोळ्यांसमोर धुरांडी, पंप आणि इंजिने येतात. त्याआधीचे लक्ष्मणराव, म्हणजे मुंबईत दरमहा पगार घेणारे आणि भावाच्या मदतीने गावाकडे धंदा चालवणारे ड्रॉइंगचे मास्तर, फारसे कुणी सांगत नाही. आज आपल्या घराघरांतून नोकरी सोडून स्वतःचे काहीतरी सुरू करण्याच्या गोष्टी चालतात, तेव्हा आम्हाला हे आधीचे लक्ष्मणराव जास्त आठवतात. म्हणून त्यांची ही ओळख.

गुर्लहोसूरचा मुलगा

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. भोवतालचा मुलूख कानडी बोलणारा, घरातली भाषा मराठी. अशा दुभाषी वातावरणात वाढणे म्हणजे काय, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. घरात विद्येला मान होता, पण ती विद्या पोथीची. अवजारे हातात घेऊन काम करणे हे त्या काळच्या ब्राह्मण घरात शोभणारे मानले जात नव्हते. लक्ष्मणरावांचा जीव मात्र शाळेच्या पुस्तकांत फारसा रमला नाही. त्यांना ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची. वडिलांची नाराजी असताना थोरले बंधू रामचंद्र, म्हणजेच रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले. त्यांच्या आधारावर १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथे एक विलक्षण अडचण पुढे आली. चित्रकार व्हायला निघालेल्या या मुलाला काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नव्हता. रेषेवर हुकमत होती, पण रंग दगा देत होते. दुसरा कुणी गावाकडे परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरून ठेवली. यांत्रिक आरेखनात रंगांची गरज नसते. तिथे लागतो तो अचूक हात, आणि वस्तू आतून कशी असेल हे पाहू शकणारी नजर. या दोन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. मुंबईत तेव्हा व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही नवी संस्था सुरू झाली होती. तिथे त्यांना यांत्रिक आरेखन शिकवणाऱ्या साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली.

मुंबईचा पगार, बेळगावचे दुकान

सरळ मार्गाने जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. मुंबईत नोकरी, दरमहा पगार, हाताखाली विद्यार्थी. पण लक्ष्मणराव त्या संस्थेत शिकवता शिकवता शिकतही होते. यंत्रशाळेत जाऊन यंत्रे हाताळायची, ती कशी चालतात आणि कशाने बिघडतात हे पाहायचे, परदेशी मासिकांतून नवी यंत्रे समजून घ्यायची, असा त्यांचा दुसरा अभ्यासक्रम चालू होता. त्याचे प्रमाणपत्र कुणी देणार नव्हते.

याच काळात मुंबईत त्यांनी एका पारशी गृहस्थाला सायकल चालवताना पाहिले. आज हसू येईल, पण तेव्हा दोन चाकांवर तोल सांभाळत जाणारा माणूस हे बघायला थांबण्याजोगे दृश्य होते. लक्ष्मणरावांनी एक सायकल मिळवली, ती चालवायला शिकले, आणि तिच्यात धंदा आहे हे त्यांच्या लक्षात आले.

नोकरी मुंबईत आणि माणसे बेळगावात, म्हणून काम वाटून घेतले गेले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकत. बेळगाव हे छावणीचे, वकिलांचे आणि अधिकाऱ्यांचे गाव. हौस परवडणारी माणसे इथे होती. एक सायकल ७०० ते १००० रुपयांना जाई. त्या काळच्या पगारांकडे पाहिले तर ही रक्कम छातीत धडकी भरवणारी आहे. आणि घेतलेली सायकल चालवायची कशी? तेही रामूअण्णाच शिकवत. त्या शिकवणीचे १५ रुपये वेगळे. दुकानाचे नाव होते किर्लोस्कर ब्रदर्स. या व्यवसायाचा आरंभ १८८८ सालचा धरतात.

या व्यवस्थेकडे आम्ही जरा थांबून पाहतो. एका भावाचा पगार चालू आहे. दुसरा भाऊ गावात गिऱ्हाईक सांभाळतो आहे. माल विकण्याबरोबर तो वापरायला शिकवण्याचाही मोबदला मिळतो आहे. बिघडलेली सायकल दुरुस्तीला परत येणार, म्हणजे गिऱ्हाईकही परत येणार. भांडवल थोडे, जागा थोडी, विश्वास घरातला. आज ज्याला आपण घरगुती व्यवसाय म्हणतो त्याची सगळी अंगे इथे दिसतात. आणि मुख्य म्हणजे हे सारे नोकरी सुटण्याच्या कितीतरी आधी उभे राहिले होते.

राजीनामा

संस्थेत बढतीची जागा निघाली. अनुभव आणि काम पाहता ती लक्ष्मणरावांची होती. ती मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला.

परकीय राज्यात असे घडणे नवे नव्हते. किती जणांनी असे अपमान गिळले आणि निवृत्तीपर्यंत खाली मान घालून काम केले, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. घर चालवणाऱ्या माणसाला पगार सोडवत नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. हे साल १८९७ च्या सुमाराचे, वय अठ्ठावीसच्या आसपास.

ही गोष्ट सांगताना अपमान आणि राजीनामा एवढेच दोन प्रसंग जोडून सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. ऐकणाऱ्याला वाटते की स्वाभिमानी माणूस उठला आणि निघून गेला. तो स्वाभिमान खरा होता. पण ज्या वाटेने ते निघाले ती वाट सुमारे नऊ वर्षे पायाखालची होती. बेळगावात दुकान होते, ओळखी होत्या, नाव होते, आणि वाट पाहणारा थोरला भाऊ होता. अपमानाने निघण्याचा दिवस ठरवला इतकेच. निघण्याची तयारी फार पूर्वीपासून चालू होती.

न खपणारा नांगर

बेळगावला परतल्यावर सायकलींचा धंदा होताच. पण लक्ष्मणरावांना दुसऱ्याने केलेला माल विकण्यात समाधान नव्हते. स्वतः काही घडवायचे होते. प्रश्न होता, काय घडवायचे?

त्यांनी भोवती पाहिले. भोवती शेतकरी होते. बैलांना घालायचा कडबा तसाच लांबलचक टाकला की जनावर वरचा पाला खाते आणि जाड धाटे तुडवून वाया घालवते. तो बारीक कापून घातला तर वैरण वाचते. म्हणून कडबा कापण्याचे यंत्र त्यांनी बनवायला घेतले. शेतकऱ्याला त्याचा फायदा डोळ्यांनी दिसत होता, म्हणून ते यंत्र खपू लागले.

मग ते वळले लोखंडी नांगराकडे. विलायती लोखंडी नांगर इथे येत होते, पण ते आपल्या बैलांना आणि आपल्या जमिनीला बेताचेच मानवणारे. आपला लाकडी नांगर जमीन फाडतो, पण खालची माती वर आणून उलटी करत नाही. हराळीची मुळे जमिनीत तशीच राहतात आणि पुन्हा तरारून येतात. लोखंडी नांगर खोल जातो आणि ढेकूळ पलटी करतो. इथल्या कारागिरांनी बनवलेला, इथेच दुरुस्त होणारा असा नांगर देता आला तर शेती बदलेल, असे लक्ष्मणरावांना वाटले. हिशेब बरोबर होता. फक्त शेतकऱ्याला तो पटला नव्हता.

लोखंडाने जमिनीत विष पसरते, ती नापीक होते, अशी समजूत होती. तिला अडाणीपणा म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण ज्याचे वर्षभराचे पोट एका हंगामावर आहे त्याने आपल्या काळ्या आईवर पहिला प्रयोग का करू द्यावा? पीक बुडाले तर नांगरवाला भरून देणार नव्हता. लक्ष्मणरावांचा पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

दोन वर्षे, हे आपण भरकन वाचून पुढे जातो. घरी धंदा करणाऱ्या माणसाने ती मनात घोळवून पाहावीत. तयार माल डोळ्यांसमोर पडून आहे, त्यात पैसा अडकला आहे, कारागिरांना मजुरी द्यायची आहे. सणासुदीला आलेले पाहुणे विचारणार, नोकरी का सोडलीत? अशा वेळी दुकान टिकते ते चालत्या मालावर. आमच्या समजुतीप्रमाणे सायकली आणि कडबा कापण्याची यंत्रे नसती, तर नांगराची पहिली विक्री पाहायला कारखाना शिल्लक राहिला नसता. एका हाताला खपणारा माल आणि दुसऱ्या हाताला मनातला माल, अशी ती कसरत होती.

नांगर खपू लागले ते जाहिरातीने नव्हे, तर शेजारच्या शेतात उभे राहिलेले पीक पाहून. शेतकऱ्याचा विश्वास शेतकऱ्यावर बसतो. एकाने नेला, त्याच्या जमिनीला काही झाले नाही, उलट हराळी हटली, मग दुसऱ्याने नेला.

बेळगाव सुटले

धंदा मार्गी लागत होता तेवढ्यात जागेवरच गदा आली. नगरपालिकेला शहराबाहेर नवे उपनगर वसवायचे होते. ते म्हणजे ठळकवाडी, आजची आपली टिळकवाडी. त्या जागेत लक्ष्मणरावांचा कारखाना होता. तो हलवावा लागणार होता.

शहराच्या बाजूने पाहिले तर घरांना जागा हवी होती. कारखानदाराच्या बाजूने पाहिले तर भट्टी, यंत्रे, माणसे आणि गिऱ्हाईक यांची इतक्या वर्षांची बसलेली घडी एका हुकमाने विस्कटत होती. आम्ही बेळगावकर हा भाग सांगताना थोडे अडखळतो. आज आपल्या उद्यमबागेत ओतकामाच्या भट्ट्या धगधगतात, बेळगावचे ओतीव काम दूरवर जाते. टिळकवाडी तिथून हाकेच्या अंतरावर. त्याच परिसरातून लोखंडाचे नांगर घडवणारा आपला माणूस एकेकाळी उठून गेला.

तेव्हा लक्ष्मणराव चाळिशीला आले होते. मुंबईची नोकरी सोडताना हाताशी बेळगाव होते. आता बेळगाव सोडताना हाताशी काय होते? हाताशी होता एक स्नेही. औंध संस्थानात लक्ष्मणराव देवीच्या मंडपाचे बांधकाम पाहत होते. तिथले बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, रेषेची कदर असणारे. ते नुकतेच गादीवर आले होते. त्यांनी लक्ष्मणरावांना दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले आणि संस्थानात हवी ती जागा निवडा म्हणून सांगितले.

निवडुंगाचा माळ

लक्ष्मणरावांनी निवडला तो कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकरांचा माळ. निवडुंग माजलेला, नागसापांचा वावर असलेला. पाहणाऱ्याला त्यांच्या निवडीचे नवल वाटले असेल. पण रेल्वे जवळ होती. कच्चे लोखंड आणि कोळसा आणायचा, नांगर पाठवायचे, तर रूळ जवळ हवेत. माळ साफ करता येतो, रेल्वे ओढून आणता येत नाही.

१९१० साली तिथे वस्ती सुरू झाली. पंचवीस कामगार आपापली कुटुंबे घेऊन बरोबर आले होते. कामगारांचे धैर्य आपल्याकडे सहसा मोजले जात नाही. मालकाने धोका पत्करला तर त्याला धडाडी म्हणतात. बेळगावातले घरदार सोडून सापांच्या माळावर चूल मांडणाऱ्या त्या बायकांच्या आणि पुरुषांच्या धोक्याला नाव नाही. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनीही आपला संसार त्याच माळावर मांडला. वसाहतीची व्यवस्था पाहिली ती पुन्हा रामूअण्णांनी. बेळगावात सायकल शिकवणारा हा भाऊ आता रस्ते, घरे आणि झाडे यांकडे लक्ष देत होता.

बरोबरची माणसेही एकेक आगळी होती. शंभोराव जांभेकर यंत्रांची बाजू बघत, मंगेशराव रेगे हिशेब ठेवत. वस्तीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेले रामोशी नेमले. ज्यांच्यापासून राखण करायची त्यांच्याच हाती राखण दिली, आणि तो विश्वास वाया गेला नाही. अस्पृश्यता पाळायची नाही, हाही त्या वस्तीचा नियम होता. १९१० च्या सुमाराला असा नियम लावणे म्हणजे गिऱ्हाईक आणि नातेवाईक दोघांचाही रोष ओढवून घेणे होते.

पहिल्या महायुद्धाने अडचण आणि संधी दोन्ही एकदम आणल्या. लोखंड आणि कोळसा मिळेना, पण विलायती नांगरांची आवकही आटली. मिळेल त्या सामग्रीत काम भागवत कारखाना टिकला आणि वाढला. नांगरांपाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पंप असा माल निघू लागला. १९२० साली व्यवसायाची कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी कारखान्याच्या मालाची खबरबात देणारे एक छोटे पत्रक सुरू केले. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक वाढले, आणि ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही त्याची भावंडे निघाली. नांगराच्या कारखान्यातून मराठी घरांना तीन मासिके मिळाली, याचे अप्रूप आमच्या पिढीला अजून वाटते.

पुढची पिढी

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत अभियांत्रिकी शिकून परतले आणि घरचा व्यवसाय त्यांनी देशभर नेला. चाळिशीच्या दशकात म्हैसूर संस्थानात हरिहर येथे, बंगळूरला आणि पुण्याला नवे कारखाने उभे राहिले. कानडी मुलखात जन्मलेल्या या मराठी माणसाचे काम असे दोन्ही भाषांच्या प्रदेशांत रुजले. सीमेवर राहणाऱ्या आम्हाला याचे मोल जास्त कळते.

सगळे दिवस चांगले नव्हते. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या जवळ आले होते. आयुष्यात पुन्हा एकदा उभारणी पाहण्याची वेळ आली, आणि ती झाली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले.

आपल्यासाठी

आपल्या समाजात आज मसाले-पिठे करणाऱ्या भगिनी आहेत, घरच्या खोलीत संगणक मांडून बसलेले तरुण आहेत, शिकवण्या घेणारे आहेत, उद्यमबागेत एकेक लेथ घेऊन सुरुवात केलेले आहेत. त्यांतले काही जण नोकरी सोडावी की नाही या उंबरठ्यावर आहेत. लक्ष्मणरावांचे नाव घेऊन त्यांना, सोडा नोकरी, घ्या उडी, असा उपदेश करायला आमची जीभ रेटत नाही. कारण त्यांनी स्वतः अशी उडी घेतली नव्हती.

त्यांनी पगार चालू असताना लहानसे दुकान जमवले. पाठीशी भाऊ होता तेव्हा नोकरी सोडली. मनातला माल खपेना तेव्हा खपणारा माल सोडला नाही. जागा गेली तेव्हा माणसे बरोबर घेऊन निघाले. आणि दर वेळी त्यांच्या पाठीशी घरातले किंवा घरच्यासारखे कुणीतरी होते.

म्हणून आमचे सांगणे उडी घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्या घरच्यांना आहे. तुमच्या घरात कुणी मुंबईचे लक्ष्मणराव असतील, तर बेळगावचे रामूअण्णा कोण होणार, हे आधी ठरवा. आणि पुढच्या खेपेला पुण्याला जाताना, झोप लागली नसेल तर, सांगली गेल्यावर खिडकीशी बसा. तो माळ आता माळ राहिलेला नाही.